रस्ता बिल्डरनं बांधला, पैसे कुणी द्यायचे?

१. प्रश्न एक, विचारणारे तीन

शहराच्या कडेला नवी वसाहत उभी राहिली की फ्लॅट घेणारी माणसं हमखास विचारतात : समोरचा मोठा रस्ता बिल्डरनं बांधला म्हणे, मग त्याचे पैसे आपल्या किमतीत धरलेत, की महापालिका ते त्याला परत देणार आहे? की दोन्हीकडून वसूल झाले? बिल्डर हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं विचारतो. माझ्या चार इमारतींना नऊ मीटरचा रस्ता पुरला असता. महापालिकेनं अठरा मीटरचा करायला लावला आणि आता त्यावरून सगळं गाव जातं. वरच्या नऊ मीटरचं काय? तिसरा माणूस महापालिकेचा अभियंता. बिल्डरनं खर्चाचा जो आकडा लिहून आणलाय तो खरा कशावरून, ही त्याची अडचण.

तिघांचंही उत्तर एकाच कागदात असायला हवं. जमीन विकसित करणारा आणि नियोजन प्राधिकरण (महापालिका, नगरपरिषद किंवा एखादं विकास प्राधिकरण) यांच्यातला करारनामा, हा तो कागद. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम म्हणजे परतफेडीस पात्र खर्चाची व्याख्या. कोणत्या कामाचा, किती आणि कशावरून मोजलेला खर्च परत मिळेल, हे त्यात लिहिलेलं असतं. निदान असायला हवं. आपल्याकडे या कलमाकडे फार कमी लक्ष दिलं जातं. त्याची किंमत पुढं वर्षानुवर्षं कोर्टात मोजावी लागते, याचं मुंबईतलं उदाहरण याच प्रकरणात येईल.

२. आधी कामं वेगळी करू

वसाहतीशी संबंधित सार्वजनिक कामांचे तीन थर असतात. पहिला थर वसाहतीच्या आतला : अंतर्गत रस्ते, गटारं, दिवे, पाण्याच्या वाहिन्या. त्यांचा उपयोग तिथल्याच रहिवाशांना होतो, म्हणून तो खर्च विकसकाचा आणि शेवटी घर घेणाऱ्याचा. यात परतफेडीचा प्रश्न येत नाही.

तिसरा थर पार बाहेरचा : पाणीपुरवठ्याची मुख्य वाहिनी, मैलाशुद्धीकरण केंद्र, उड्डाणपूल. हे सगळ्या शहराचं काम आहे. त्यासाठी शुल्क घेतलं जातं. महाराष्ट्रात प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये १९९२ साली विकास शुल्काचं प्रकरण घातलं गेलं, ते यासाठीच.

वाद होतो तो मधल्या थरावर. विकास आराखड्यातला रस्ता, म्हणजे डीपी रस्ता, विकसकाच्या जमिनीतून जातो. तो त्याच्या प्रकल्पाला लागतो आणि शहरालाही लागतो. पावसाळी पाण्याचा नाला वरच्या अंगाच्या वस्त्यांचं पाणीही वाहून नेतो. म्हणून इथं खर्चाची विभागणी करावी लागते.

हरियाणाच्या १९७५ च्या नागरी क्षेत्र विकास व नियमन कायद्यानं यातली बरीच संदिग्धता सुरुवातीलाच काढून टाकली. आतली विकासकामं कोणती आणि बाहेरची कोणती, हे त्यानं व्याख्येतच नावानिशी सांगितलं. रस्त्यांचं खडीकरण, पदपथ, झाडं, पथदिवे, पाणी, गटारं ही आतली; मुख्य जलवाहिन्या, मैलापाण्याची प्रक्रिया, मोठे रस्ते, अग्निशमन केंद्रं ही बाहेरची. आतल्या कामांच्या अंदाजित खर्चाच्या २५ टक्के रकमेची बँक हमी विकसकाकडून घेतात. काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावर पाच वर्षं देखभाल करायची आणि मग ते सगळं विनामूल्य सरकारच्या ताब्यात द्यायचं. हा कायदा कडक वाटेल, पण प्लॉट घेणाऱ्यालाही तो वाचून कळतो.

३. मोठ्या पाइपचा हिशेब

मधल्या थरातला खर्च कसा वाटायचा? घरगुती उदाहरण घ्या. गल्लीच्या टोकाला राहणारा एकजण मुख्य वाहिनीपासून घरापर्यंत नळाचा पाइप टाकायला काढतो. शेजारी म्हणतात, जरा मोठा टाक, पुढं आम्हीही जोडून घेऊ. आता शेजाऱ्यांनी त्याला काय द्यायचं? दोन पाइपांच्या किमतीतला फरक, की पाइपातून जितकं पाणी ते वापरतील तितका सबंध खर्चाचा वाटा? दोन्ही म्हणणी न्याय्य वाटतात, आणि दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

हेच प्रकल्पाच्या पातळीवर करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. विकसकाच्या वसाहतीला २०० मिलिमीटर व्यासाची मैलावाहिनी पुरते. प्राधिकरण म्हणतं, वरच्या बाजूला आणखी वस्ती येणार आहे, ३०० मिलिमीटरची टाका. लांबी ४०० मीटर. खोदाई, पाइप, सांधे, चेंबर आणि माती भरून घेणं धरून लहान वाहिनीला मीटरमागे २,५०० रुपये लागतात, मोठीला ४,०००. एकूण खर्च १६ लाख. लहान वाहिनी टाकली असती तर १० लाखांत भागलं असतं.

पहिली पद्धत जादा खर्चाची. विकसकाला स्वतःसाठी १० लाख घालावेच लागले असते, तेव्हा परत मिळायचे ते वरचे ६ लाख.

दुसरी पद्धत क्षमतेच्या वाट्याची. व्यास दीडपट झाला म्हणून वाहण्याची क्षमता दीडपट होत नाही. उतार तोच ठेवला तर ३०० मिलिमीटरची वाहिनी २०० च्या जवळजवळ तिप्पट पाणी वाहून नेते. म्हणजे विकसकाचा वाटा एक तृतीयांश आणि परतफेड दोन तृतीयांश, सुमारे साडेदहा लाख.

पाइप तोच, खड्डा तोच, ठेकेदारही तोच. तरी एका ओळीतल्या व्याख्येमुळे साडेचार लाखांचा फरक पडला. यात लबाडी कुणाचीच नाही. माझं मत पहिल्या पद्धतीच्या बाजूनं आहे. खोदाई विकसकाला करावीच लागणार होती आणि तिचा भार सार्वजनिक पैशावर टाकायला कारण नाही. पण वरच्या वस्तीचे विकसक पुढं त्याच वाहिनीला जोडून घेणार असतील आणि पैसे त्यांच्याकडूनच घ्यायचे असतील, तर क्षमतेचा वाटा हीच न्याय्य पद्धत ठरते. नाहीतर आधी आलेल्यानं खड्डा खणायचा आणि मागून येणाऱ्यानं फक्त फरक द्यायचा, असं होईल. म्हणून पैसे कोण देणार हे ठरल्याशिवाय किती द्यायचे हे ठरवता येत नाही.

४. ‘खर्च’ या खात्यात काय येतं

विभागणीची पद्धत ठरली, तरी ज्याची विभागणी करायची तो खर्च मोजायचा कसा? विकसक ठेकेदाराची बिलं पुढं करतो. प्राधिकरणाला त्यांवर विसंबता येत नाही, कारण ठेकेदार कधीकधी विकसकाच्याच घरातला असतो. म्हणून करारात आधार ठरवून टाकतात : सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची, की खुल्या निविदेत आलेला दर, की दोहोंपैकी जो कमी असेल तो. शेवटचा पर्याय प्राधिकरणांना आवडतो आणि बहुतेक वेळा तो रास्तही असतो.

मग बाबी येतात. मुरूम, खडी, डांबर, काँक्रीट, पावसाळी गटार, पथदिव्यांचे खांब हे उघडच आहे. महावितरणच्या तारा आणि खांब हलवायचा खर्च? रस्त्यासाठीच हलवावे लागले असतील तर धरावा. आराखडे करणाऱ्या सल्लागाराची फी? धरावी, पण बांधकाम खर्चाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच. वस्तू व सेवा कर? धरायचा असेल तर स्पष्ट लिहावा, कारण दरसूचीतले दर करासह आहेत की करावेगळे, यावरून मागाहून वाद होतो. वसाहतीची कमान, जाहिरातीची पाटी, दुभाजकात लावलेली शोभेची पामची झाडं, उशीर झाल्याचा दंड, खराब झालेलं काम पुन्हा करण्याचा खर्च, यांतलं काहीही धरू नये. कमानीवर नाव विकसकाचं असतं, तेव्हा तिचा खर्चही त्याचाच.

व्याजाचा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. एक कोटीचं काम आज केलं आणि परतफेड चार वर्षांनी झाली, तर दर साल ९ टक्क्यांच्या सरळ व्याजानं ३६ लाख होतात. करारात व्याजाबद्दल काही लिहिलं नसेल तर हे ३६ लाख विकसकाच्या पदरचे जातात, आणि तो ते घरांच्या किमतीत आधीच घालून ठेवतो.

पुरावा कोणता हाही व्याख्येचाच भाग आहे, आणि इथं जरा थांबून बारकाईनं पाहायला हवं. सरकारी कामात मोजमाप पुस्तक असतं. साइटवरची मंडळी त्याला नुसतं एमबी म्हणतात. एकेका ओळीत कामाचं वर्णन, मग लांबी, रुंदी, जाडी, आणि शेवटी घनमीटर. खाली कनिष्ठ अभियंत्याची सही, वर उपअभियंत्याची तपासणी. रस्त्याचा पाया भरला की त्यावर खडीचा थर येतो, त्यावर डांबर येतं, आणि पायात मुरूम ३० सेंटिमीटर टाकला की १५, हे वरून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक थराचं माप, तो झाकण्याआधी, दोन्ही बाजूंच्या समक्ष घेतलं गेलं पाहिजे. खासगी विकसकाच्या साइटवर महापालिकेचा अभियंता रोज येत नाही. तेव्हा ‘थर झाकण्यापूर्वी इतक्या दिवसांची लेखी सूचना द्यावी, संयुक्त मोजमाप न झालेलं काम परतफेडीस पात्र नाही’ अशी ओळ करारात असेल, तर पुढची निम्मी भांडणं उभीच राहत नाहीत.

५. परत द्यायचं ते कशाच्या रूपात

रोख पैसे देणं हा सरळ मार्ग, पण महापालिकांच्या तिजोऱ्या त्याला पुरत नाहीत. दुसरा मार्ग वळतीचा. विकसकानं महापालिकेला भरायच्या रकमेतून त्यानं केलेल्या कामाचा खर्च वजा करायचा. पुणे महापालिकेनं २०२० नंतरच्या काळात खराडी, मुंढवा, महंमदवाडी अशा भागांतले काही डीपी रस्ते आणि पूल खासगी विकसकांकडून करून घेऊन त्यांना ‘क्रेडिट नोट’ देण्याची वाट धरली. विकास शुल्कासारखी देणी भागवताना ही नोट पैशासारखी वापरता येते. मार्ग चांगला आहे. मात्र नोटेवरचा आकडा कुठल्या मोजमापावरून आला, हा मागच्या भागातला प्रश्न तिथंही सुटलेला असावा लागतो.

तिसरा मार्ग हस्तांतरणीय विकास हक्काचा, म्हणजे टीडीआरचा. एका जमिनीवर किती चौरस मीटर बांधकाम करता येईल ते चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, ठरवतो. रस्त्यासाठी जमीन दिली तर तिच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा हक्क मिळतो. तो विकताही येतो. त्या जमिनीवर रस्ताही स्वतः बांधून दिला, तर त्यासाठी वेगळा टीडीआर मिळतो. जमिनीचा मोबदला आणि बांधकामाचा मोबदला ही दोन खाती आहेत, एवढं पक्कं लक्षात ठेवून पुढं जाऊ.

६. मुंबईत काय झालं

मुंबईची १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली म्हणत होती की मालकानं आरक्षित जमिनीवर सुविधा स्वतःच्या खर्चानं बांधून विनामूल्य दिली, तर त्यानं केलेल्या बांधकामाच्या किंवा विकासाच्या क्षेत्राइतका जादा हक्क त्याला देता येईल. इमारतीच्या बाबतीत हे सोपं होतं : शाळेचं जेवढं बांधकाम, तेवढा हक्क. पण रस्ता आणि मैदान? त्यांचं क्षेत्र म्हणजे सबंध जमिनीचं क्षेत्र. नियमात माप क्षेत्राचं होतं, खर्चाचं नव्हतं. डांबर घालायला जो पैसा लागतो आणि मुंबईत तेवढ्याच चौरस मीटर एफएसआयला जो भाव येतो, त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

महापालिकेच्या हे लक्षात आलं. तिनं परिपत्रकं काढून रस्त्यांसाठीचा हा जादा हक्क क्षेत्राच्या १५, आणि काही बाबतींत २५ टक्क्यांवर आणला. जमीनमालक कोर्टात गेले. गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २००९ मध्ये मालकाच्या बाजूनं निकाल दिला. नियमावलीनं दिलेला हक्क परिपत्रकानं कापता येत नाही. टीडीआर ही मेहेरबानी नसून जमिनीचा आणि कामाचा मोबदला आहे. प्रश्न तिथंही संपला नाही. पूर्वी कमी टक्केवारी घेऊन गप्प बसलेले मालक फरकाची मागणी घेऊन आले. त्यांच्यातल्या काहींचा निकाल कुकरेजा कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १३ सप्टेंबर २०२४ रोजी दिला, तोही मालकांच्याच बाजूनं. उशीर झाला म्हणून मोबदल्याचा हक्क बुडत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. १९९१ च्या नियमातल्या एका मापाचं भांडण तेहेतीस वर्षांनी तिथं पोचलं.

दरम्यान शासनानं २०१६ मध्ये मापच बदललं. आता बांधकामाच्या खर्चाला जमिनीच्या रेडीरेकनर, म्हणजे सरकारी मूल्यतक्त्यातल्या, दरानं भागायचं आणि नियमावलीप्रमाणे ठरलेल्या, सव्वा ते दीडच्या घरातल्या गुणकानं गुणायचं. बदल किती मोठा आहे ते समजून घेण्यासाठी ५,००० चौरस मीटरचा रस्ता घ्या. बांधायला दोन कोटी लागले आणि तिथला जमिनीचा दर ४०,००० रुपये चौरस मीटर आहे असं धरू. जुन्या नियमाच्या सरळ अर्थानं ५,००० चौरस मीटर हक्क मिळतो, १५ टक्क्यांच्या परिपत्रकानं ७५०. नव्या सूत्रानं दोन कोटी भागिले चाळीस हजार म्हणजे ५००, गुणिले सव्वा, म्हणजे ६२५.

माझ्या मते नवं सूत्रच बरोबर आहे, कारण ते खर्च परत करतं, भाग्य वाटत नाही. पण न्यायालयाचाही निकाल बरोबर होता. ज्यानं जुन्या नियमावर विश्वास ठेवून रस्ता बांधून दिला, त्याचं माप मागाहून परिपत्रकानं लहान करणं हा विश्वासघातच ठरला असता.

७. गोविंदपुरमला प्लॉट घेतला तर

परतफेड मुळीच नसलेली पद्धतही असते; ती पाहायला तमिळनाडूत जाऊ. तिथं कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं भव्य मंदिर आहे, आणि महाराष्ट्रातून जाणारी मंडळी तिथं पंढरपूरची आठवण काढतात. तंजावरच्या मराठी राजांच्या या मुलखात रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रं, म्हणजे धर्मशाळा, बांधलेली होती. ती चालवण्यासाठी गावांचं उत्पन्न लावून दिलेलं असे. सार्वजनिक सोय कुणाच्या पैशावर चालेल, हे आधीच ठरवलेलं होतं.

आज कुणी त्या भागात प्लॉट घ्यायचं मनात आणलं, तर तिथला कायदा महाराष्ट्रापेक्षा अगदी वेगळा आहे, हे माहीत असावं. तमिळनाडूच्या २०१९ च्या एकत्रित विकास व इमारत नियमांप्रमाणे ले-आउटमधले रस्ते विकसकानं नोंदणीकृत दानपत्रानं स्थानिक संस्थेला द्यायचे. जागा ३,००० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर रस्ते वगळून उरलेल्या क्षेत्राच्या १० टक्के जागा मोकळी सोडायची. १०,००० चौरस मीटरपर्यंत त्या जागेऐवजी सरकारी मार्गदर्शक मूल्यानं पैसे भरायची मुभा आहे. त्यावर जागाच द्यावी लागते. म्हणजे १२,००० चौरस मीटरचा ले-आउट, त्यात ३,००० चे रस्ते, तर उरलेल्या ९,००० मधून ९०० चौरस मीटर मोकळी जागा दानपत्रानं जाते. या रस्त्यांचे पैसे विकसकाला परत मिळत नाहीत. ते प्लॉटच्या भावातच असतात. शिवाय इमारत बांधताना पायाभूत सुविधा शुल्क वेगळं लागू शकतं.

यात एक सोय आहे : खर्चाच्या मोजमापाचं भांडण नाही. पण प्लॉट घेणाऱ्यानं दानपत्र झालंय का, हे पाहिलंच पाहिजे. मंजुरी नसलेल्या ले-आउटमधल्या प्लॉटांची नोंदणी मद्रास उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये थांबवली, तेव्हा सबंध राज्यात असे असंख्य प्लॉट अडकले. सरकारला २०१७ मध्ये ते नियमित करण्याची योजना आणावी लागली.

८. किती मागावं याला सीमा

आतापर्यंत परत किती द्यायचं याचा विचार झाला. पण मुळात प्राधिकरणानं किती काम करायला लावावं? अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या टायगर्ड शहरात नळसाहित्य आणि विजेच्या सामानाच्या दुकानाला विस्तार करायचा होता. शहरानं परवानगीसाठी ओढ्याकाठची जमीन आणि सायकलमार्गासाठी पट्टी मागितली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मागणी आणि त्या दुकानामुळे पडणारा भार यांचं प्रमाण साधारण जुळलं पाहिजे, आणि ते दाखवायची जबाबदारी शहराची. टेक्सासमधल्या बहुतेक शहरांना निविदेशिवायच्या करारात विकसकाच्या कामाचा ३० टक्क्यांपर्यंत खर्च उचलता येतो; शहरानंच मोठा आकार मागितला असेल तर त्या जादा आकाराचा पूर्ण भार घेता येतो. तिसऱ्या भागातला आपला पाइप आठवून पाहा : कायद्यानं तिथं जादा आकार वेगळा काढला आहे.

९. तुमच्या हातातला कागद

घर किंवा प्लॉट घेताना विकसकाला तीन गोष्टी विचारायला संकोच करू नका. महापालिकेशी पायाभूत सुविधांचा करार झाला आहे का? त्यातल्या कोणत्या कामांचा मोबदला रोख, वळती किंवा टीडीआरच्या रूपानं मिळणार आहे? आणि त्याच कामांसाठी माझ्याकडून ‘इन्फ्रास्ट्रक्चर चार्जेस’ या नावानं वेगळी रक्कम घेतली जाते आहे का? एकाच रस्त्याचे पैसे दोन ठिकाणांहून घेणं अन्याय्य आहे, आणि प्राधिकरणानं करारातच त्याला बंदी घालावी.

नगरसेवक, नगररचना अधिकारी आणि सोसायट्यांचे पदाधिकारी हे प्रकरण वाचत असतील तर त्यांना एक विनंती. अशा प्रत्येक कराराची प्रत, परतफेडीची पद्धत आणि मोजमाप पुस्तकाच्या नोंदी महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका. रस्ता सगळ्यांचा आहे, तेव्हा त्याचा हिशेबही सगळ्यांना वाचता आला पाहिजे.